डोळ्याची उंची

अमळनेरला समुद्र नाही. बोरी नदीला पावसाळ्यात चार दिवस पाणी, बाकी वर्षभर वाळू आणि बाभळी. तरी या गावात एक माणूस पोरांना शिकवायचा, की भर समुद्रात, जिथं चहूकडे पाण्याखेरीज काही दिसत नाही, तिथं आपण नेमके कुठं आहोत ते कसं शोधायचं. आणि शिकवायचा तो तेलाच्या परातीवर.

जीवराम बैसाणे त्यांचं नाव. तेलगिरणीच्या वजनकाट्यावर कारकून. उजवा पाय ओढत चालायचे. तरुणपणी मुंबईला जाऊन मालवाहू जहाजावर साधे खलाशी म्हणून चढले होते, रात्री कंदिलाखाली अभ्यास करून परीक्षा देत देत तिसऱ्या मेटपर्यंत, म्हणजे जहाजाच्या तिसऱ्या अधिकाऱ्यापर्यंत पोचले होते. बंदरात मालखान्याचं लोखंडी झाकण पायावर पडलं आणि एकाहत्तर साली ते कायमचे घरी आले. सोबत एक लाकडी पेटी आणली. पेटीत सेक्स्टंट होता, म्हणजे सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती चढलाय तो कोन मोजायचं पितळी यंत्र. गिरणीतले हमाल त्यांना 'कॅप्टन' म्हणायचे, पण तोंडावर 'नाना'.

कोन मोजायला समुद्राची सपाट कड लागते. खानदेशात ती कुठून आणायची? नानांनी त्यावर जुनीच युक्ती काढली. गिरणीतून सरकीचं कच्चं तेल आणायचं. काळं, दाट, आरशासारखं. ते परातीत ओतून गच्चीवर ठेवायचं. तेल स्थिर झालं की त्यात सूर्य दिसतो. वरचा सूर्य आणि तेलातला सूर्य यांच्यामधला कोन मोजायचा आणि त्याचा अर्धा करायचा. झाला चढ. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य इतका डोक्यावर असतो, की तो दुप्पट कोन यंत्रात मावत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात सकाळी आठ-नऊलाच बसायचं. वारा आला की परातीवर काच. जिनिंगच्या हंगामात रुईचे तंतू उडत येऊन तेलावर बसायचे, ते बोटाने उचलायचे.

"लोक परातीत कणीक मळतात," लिलाबाई, त्यांची बायको, जिन्यातून ओरडायची. ती जळगावात वाढलेली, जिभेला धार. "आमच्याकडे परातीत जहाज चालतं. आज कुठल्या बंदराला लागतंय म्हणे? मला कणकेला परात हवीय."

"अर्धा तास थांब."

"अर्ध्या तासानं पोरांना भूक लागेल, तेव्हा तेलाचा सूर्य वाढू का पानात?"

पण ती पोरांना जेवल्याशिवाय कधी सोडत नसे. पोरं म्हणजे तरी किती, पंधरा वर्षांत सगळी मिळून पाच-सहा. त्यातली दोनच शेवटपर्यंत टिकली. एक रुपचंद, शिंप्याचा मुलगा, अबोल. दुसरा भिकन. बोरीकाठच्या एका खेड्यातल्या द्रौपदाबाईचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला, आई दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणीला, बाजाराच्या दिवशी डोक्यावर भाजीची पाटी. कॉलेजात गणिताला पहिला यायचा आणि बोलण्यात कुणाला हार जायचा नाही.

पहिल्या दिवशी नानांनी विचारलं, "आपण कुठं आहोत?"

"गच्चीवर," भिकन म्हणाला.

"ते तू म्हणतोस. आकाशाला अजून विचारलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. इंग्रजी पुस्तकातले शब्द पोरांच्या घशाखाली उतरत नाहीत आणि शब्दकोशातले उन्नतांश-दिगंश त्याहून जड, म्हणून नानांनी आपले शब्द केले होते. "आधी ठोकून द्यायचं की आपण अमुक जागी आहोत. हे 'धरलेलं ठिकाण'. समजा, पारोळ्यात आहोत असं धरलं. पारोळ्यात असतो तर या क्षणाला सूर्य किती चढलेला दिसला असता, ते जहाजाच्या पंचांगावरून गणितानं काढायचं. मग यंत्रानं खरा चढ मोजायचा. दोन्हींत फरक पडतो ना, त्याला मी 'चूक' म्हणतो. कोनाचं एक मिनिट म्हणजे समुद्रावरचा एक मैल. चढ जास्त भरला तर तेवढे मैल सूर्याच्या रोखानं सरकायचं, कमी भरला तर उलट. तिथं रोखाला आडवी रेघ मारायची. ही 'ठिकाणरेघ'. तुम्ही त्या रेघेवर कुठंतरी आहात. कुठं, ते एका सूर्यानं कळत नाही. दुसरी रेघ लागते."

"म्हणजे नाना, सुरुवातच चुकीपासून?"

"जो म्हणतो मला माहीत आहे मी कुठं आहे, त्याला जहाजावर ठेवू नये."

गणित गडबडू नये म्हणून त्यांनी एक तक्ता आखला होता. वरपासून खालपर्यंत ओळी: मोजलेला कोन, यंत्राचा दोष, अर्धा, हवेमुळे पडणारी वजावट, सूर्याच्या अर्ध्या जाडीची बेरीज, खरा चढ. मग पुढचं त्रिकोणाचं गणित. ओळीत आकडा भरत गेलं की उत्तर आपोआप खाली पडायचं. गिरणीच्या ऑफिसात सायक्लोस्टाइलवर त्यांनी त्याच्या दोनशे प्रती काढून आणल्या. भिकन आणि रुपचंद जहाजावर निघाले तेव्हा दोघांना एकेक गठ्ठा दिला. आणि एक रीत घालून दिली. जहाजावर कोन मोजला, की महिन्यातून एक तक्ता नानांना पोस्टानं पाठवायचा. नाना तो लाल शाईनं तपासून, सही करून, मुलाच्या पुढच्या बंदराच्या पत्त्यावर परत पाठवायचे.

लाल शाईची ती बाटली घरात देवाच्या निरांजनासारखी जपलेली. लिलाबाई म्हणायची, "दोन दोन पोरं समुद्रावर, आणि यांचा जीव दौतीत."

भिकन सेकंड मेटची परीक्षा पास होऊन जहाजावर तिसरा अधिकारी म्हणून लागला, तेव्हा द्रौपदाबाई गावाहून चालत आली होती, पदरात गुळाचा खडा बांधून. "नाना, मना पोऱ्या आते सायब शे," ती म्हणाली आणि गूळ लिलाबाईच्या हातावर ठेवताना रडली.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात तार आली.

जहाज जुनं होतं, मालक कोण ते कुणाला नीट माहीत नव्हतं. रात्री दोनला ते पोवळ्यांच्या खडकावर चढलं. वरिष्ठांनी एक होडी खाली सोडली, लाटेनं ती उलटली, तिच्यातले तिघं गेले. भिकन त्यात होता. प्रेत मिळालं नाही. जहाज मात्र बुडालं नाही. खडकावर तसंच बसून राहिलं. जे त्याच्यावर थांबले ते सगळे वाचले.

महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं, इंग्रजीत. मग भिकनची पत्र्याची ट्रंक रेल्वेच्या पार्सलनं स्टेशनात उतरली. द्रौपदाबाई ट्रंक हातगाडीवर घालून थेट नानांच्या दारात आली. तिच्यामागून दोन बाया आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"जयभीम, नाना."

"जयभीम, अक्का. बसा."

ती बसली नाही. पत्र पुढं केलं. "हाई वाचा. गावमा येकजननी वाचं. तो म्हणस, आठे लिखेल शे का मना पोऱ्यानी चुकी व्हती. लोके म्हणतस तो झोपी गया व्हता. कोनी म्हणस दारू पियेल व्हता." तिचा आवाज चढला नाही. "नाना, मना भिकन झोपेल व्हता का? माले बस येवढं सांगा."

नानांनी पत्र वाचलं. चौकशीत ठिकाण चुकीचं आढळलं, कर्तव्यावरच्या तिसऱ्या अधिकाऱ्याचा निष्काळजीपणा, असं त्यात होतं. झोपेचं नव्हतं, दारूचंही नव्हतं. पण निष्काळजीपणा हा शब्द मोठा असतो, त्यात काहीही मावतं.

"ट्रंकेतले कागद बघावे लागतील," ते म्हणाले. "पुढच्या बाजाराला या."

ट्रंकेत दोन शर्ट, आईचा फोटो, दाढीचं सामान, आणि दोरीनं बांधलेली तक्त्यांची फाइल होती. सगळ्यात वरचा तक्ता अपघाताच्या आदल्या सकाळचा. कडेला भिकनच्या बारीक अक्षरात टिपणं: उपग्रहाचं यंत्र आठ दिवस बंद. कॅप्टनला ताप. दुपारनंतर ढग, संध्याकाळचे तारे मिळाले नाहीत. रात्री दीड, अजून ढगच. म्हणजे त्या रात्री जहाजाजवळ ठिकाण होतं ते एवढ्या एका सकाळच्या सूर्याचं.

नाना गच्चीवर जाऊन बसले आणि ते गणित पहिल्यापासून करू लागले. वेळ बरोबर. पंचांगातले आकडे बरोबर. त्रिकोणाचं गणित बरोबर, एक वजाबाकीसुद्धा चुकली नव्हती. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण गणित बरोबर आणि जहाज खडकावर, असं होत नाही.

दोनदा केलं. तिसऱ्यांदा आकडे सोडून त्यांनी नुसत्या ओळी वाचल्या. मोजलेला कोन. यंत्राचा दोष. अर्धा. 'अर्धा'वर भिकननं काट मारली होती. समुद्रावर तेलाची परात नाही, खरं क्षितिज आहे, तिथं अर्धा करायचा नसतो. शहाणा पोर. त्याच्याखाली हवेची वजावट.

मधली एक ओळ नव्हती.

समुद्रावर माणूस जहाजाच्या पुलावर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या मजल्यावर उभा असतो, पाण्यापासून बराच उंच. जितक्या उंचावरून बघावं तितकी क्षितिजाची कड खाली गेलेली दिसते आणि कोन खऱ्यापेक्षा मोठा भरतो. म्हणून डोळ्याच्या उंचीची वजाबाकी करावी लागते. परातीला ती लागत नाही. तेल सपाट, बघणारा बसलेला असो की उभा, कोन तोच. म्हणून नानांच्या तक्त्यात ती ओळच नव्हती. तोंडानं त्यांनी एकदा सांगितलं होतं, पोरं पोह्यांच्या ताटल्या घेऊन बसली असताना: समुद्रावर गेलात की उंचीचं तेवढं वजा करा. परीक्षेत छापील तक्ता असतो, त्यात ती ओळ छापलेली असते, भिकननं तिथं भरली असणार. पण जहाजावर, एकटा पडल्यावर, हातानं जो तक्ता उचलला तो घरचा.

असल्या जहाजाचा पूल म्हणजे चौदा मीटर उंची. साडेसहा मिनिटं. साडेसहा मैल. सकाळचा सूर्य पूर्वेला. चढ जास्त भरला म्हणून भिकननं रेघ साडेसहा मैल पूर्वेकडे मारली. खडक पश्चिमेला होता, त्याची जागा कंपनीच्या पत्रात होती. त्याला वाटत होतं, आपण आठ मैल लांबून चाललोय. होता दीड मैल. उरलेला दीड मैल प्रवाहानं खाल्ला.

फाइलीत खाली जुने तक्ते होते, जे नानांनीच तपासून परत पाठवले होते. ऑगस्टचा काढला. 'अर्धा'वर काट. मधली ओळ नाही. आणि खाली लाल शाईत, ठसठशीत: बरोबर. जी. बैसाणे.

जुलैचा काढला. बरोबर. मेचा. बरोबर.

सोळा वर्षं परातीवर बसून त्यांना स्वतःलाच समुद्र उंचावरून बघायचा असतो याचा विसर पडला होता.

दुसऱ्या दिवशी तारऑफिस उघडायच्या आधी ते दारात उभे होते. रुपचंदच्या जहाजाच्या एजंटाला तार केली: माझा तक्ता वापरू नकोस, डोळ्याची उंची वजा कर. कारकुनानं दोनदा वाचलं. "नाना, हे काय सांकेतिक बिंकेतिक आहे का? मला वर विचारतील."

"जसंच्या तसं पाठवा, भाऊ."

तार गेली, पण पोचल्याचा निरोप नाही. आणि द्रौपदाबाईला काय सांगायचं, ते ठरेना. तालुक्यात तो तक्ता वाचू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं. फाइल चुलीत घातली असती तरी आकाशाखाली कुणाला कळलं नसतं. 'झोपला नव्हता अक्का, ढग आले' एवढं म्हटलं तरी ती उठून गेली असती. ते खोटंही नव्हतं.

लिलाबाईनं तिसऱ्या दिवशी ताट पुढं सरकवलं. "चार घास खा. काय निघालं त्या ट्रंकेत?"

त्यांनी सांगितलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. नेहमीची धार कुठं गेली कोण जाणे.

"नका सांगू तिला," ती म्हणाली. "तिला तिचं पोरगं परत मिळणार आहे का? तुम्ही मात्र गावात तोंड दाखवू शकणार नाही." मग थोड्या वेळानं, ताट उचलताना, "पण ती तरी कुठं दाखवतेय तोंड. झोपेत माणसं मारली म्हणतात तिच्या पोरानं."

बाजाराच्या दिवशी द्रौपदाबाई आली. या वेळी एकटीच. नानांनी तिला गच्चीवर नेलं. परातीत तेल ओतलं, ऑगस्टचा तक्ता आणि शेवटचा तक्ता शेजारी ठेवले. काय सांगितलं ते सगळं तिला कळलं असेल असं नाही. पण कुठली ओळ नाही तिथं बोट ठेवून दाखवलं, आणि लाल अक्षरं कुणाची तेही सांगितलं.

तिनं वाकून परातीत पाहिलं. तेलात सूर्य होता, आणि कडेला तिचा स्वतःचा चेहरा.

"कितलं चुकनं?"

"साडेसहा मैल. समुद्राचे मैल मोठे असतात. आपले बारा किलोमीटर धरा."

"बारा म्हंजे?"

"तुमच्या गावापासून इथवर."

ती सरळ झाली. ज्या वाटेनं आत्ता आली होती त्या वाटेकडे गच्चीवरून बघत राहिली. वांगी-मिरच्यांची पाटी डोक्यावर घेऊन तिनं ती वाट हजारदा तुडवली होती, भिकन पोटात असतानासुद्धा.

"येवढंसंच?"

नानांनी शेवटच्या तक्त्यावरचं रात्री दीडचं टिपण तिला वाचून दाखवलं.

"मंग तो जागाच व्हता."

"जागा होता. शेवटपर्यंत. त्याचं एकही गणित चुकलं नव्हतं, अक्का. चुकलं ते माझं."

त्यांना वाटलं होतं ती शिव्या देईल, परात पालथी घालील. काही केलं नाही तिनं. तक्त्यांचे दोन्ही कागद उचलून घडी केली आणि चोळीत खोचली.

"माले सांगीसन काय व्हई?" ती म्हणाली. "गावले सांगा. जठे त्यानं नाव घेतस, तठे."

पुढच्या रविवारी नाना गेले. बसनं फाट्यापर्यंत, पुढं पाय ओढत. समाजमंदिरात पंचवीस-तीस माणसं जमली होती. परात नेली होती, पण तेल ओतायची हिंमत झाली नाही. उभ्यानंच सांगितलं: पोर झोपला नव्हता, प्यायला नव्हता, मी शिकवलं त्यात खोट होती आणि मी तपासून बरोबर म्हटलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग तुमले सजा?" नाना म्हणाले, "कायद्यात मी कुठं नाही." मागून कुणीतरी हसलं. भिकनचा चुलता उठून बाहेर गेला आणि जाताना परातीला लाथ घातली. परातीचा आवाज बराच वेळ घुमत राहिला. चहा कुणी विचारला नाही. द्रौपदाबाई भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावरचा पदर आज मागं सरकलेला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा ती चारचौघांत तोंड वर करून बसली होती.

रुपचंदचं पत्र फेब्रुवारीत आलं. तो सुखरूप होता. सोबत एक तक्ता होता; त्यात मधली ओळ त्यानं पेन्सिलीनं आखलेली, आखून वर्ष होऊन गेलं असावं इतकी पुसट. लिहिलं होतं: 'नाना, पहिल्याच फेरीत माझ्या लक्षात आलं होतं. तुम्हाला पाठवायच्या प्रतीत मी ती ओळ गाळायचो आणि आकडे जमवून घ्यायचो. गुरूचा तक्ता चुकला असं कसं लिहायचं. भिकनच्या लक्षात आलं असेल असं धरून चाललो.'

ते पत्र नानांनी लिलाबाईला वाचून दाखवलं नाही. आपला धाक इतका होता, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यांनी चौकशी करणाऱ्या ऑफिसला पत्र लिहिलं, तक्त्यांच्या नकला जोडल्या. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: प्रकरण निकाली निघालं आहे, शिकवणारी व्यक्ती मान्यताप्राप्त नसल्यानं नोंद घेता येत नाही. बाजाराच्या दिवशी ते त्यांनी द्रौपदाबाईला वाचून दाखवलं. ती पाटी उतरवून दारातच बसली होती.

"म्हंजे त्यासना कागदवर मना पोऱ्यानं नाव अजून तसंच शे?"

"तसंच आहे."

लिलाबाईनं पाणी आणून ठेवलं. द्रौपदाबाईनं ते पिऊन तांब्या पालथा ठेवला, चुंबळ डोक्यावर घेतली.

"परत लिखा," ती म्हणाली.

नाना शहाण्णव साली गेले. तोवर ते दर वर्षी लिहीत राहिले आणि ती दर वर्षी विचारायला येत राहिली. पोर मात्र नंतर त्यांनी एकही घेतला नाही. परात लिलाबाईनं घासून घेतली, पण सरकीच्या तेलाचा काळा डाग बुडाला राहिलाच. त्यात तिनं पुन्हा कधी कणीक मळली नाही.